जायफळाचं माप

स्वयंपाकघरातलं विष म्हटलं की आपल्याला आठवते भेसळ. हळदीतला रंग, तिखटातली विटेची पूड. आज मात्र मला अस्सल, बिनभेसळीच्या पदार्थाविषयी बोलायचंय. जायफळाविषयी. श्रीखंडात, पुरणात, काही घरी कॉफीतही पडतं ते.

जायफळ मूळचं बांदा बेटांचं, म्हणजे आजच्या इंडोनेशियातलं. युरोपात त्याला असा भाव होता की त्याच्या मक्तेदारीसाठी डचांनी १६२१ मध्ये त्या बेटांवरची वस्ती जवळजवळ संपवली. आणि महाग वस्तू औषधी असणारच, अशी माणसाची समजूत! पोटदुखीपासून प्लेगपर्यंत सगळ्यावर तिकडे जायफळ चालायचं.

पण त्याच्या दुसऱ्या बाजूच्या नोंदीही तितक्याच जुन्या आहेत. १५७६ मध्ये लोबेलियस या वनस्पतितज्ज्ञाने एका गरोदर इंग्रज बाईची हकीकत लिहिली. तिने दहा-बारा जायफळं खाल्ली आणि नशा चढून तिला भ्रम झाला. पुढे ब्रिटनमध्ये जायफळाने गर्भ पडतो अशी समजूत पसरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही बायका त्यासाठी ते खात होत्या. त्या समजुतीला आधार काही नव्हता, विषबाधा मात्र खरी होती.

१८२९ मध्ये पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केला. तीन जायफळं खाल्ली. झोप, स्वप्न आणि जागेपण यांची पार सरमिसळ झाली. आणि विसाव्या शतकात माल्कम एक्स यांनी आत्मचरित्रात सांगितलंय, की अमेरिकेतल्या तुरुंगात कैदी स्वयंपाकघरातून आलेलं आगपेटीभर जायफळ पाण्यात ढवळून नशेसाठी पीत.

हे होतं कशामुळे? जायफळाच्या तेलात मिरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं. साधारण ५ ग्रॅम, म्हणजे एखादं मध्यम जायफळ, पोटात गेलं तरी त्रास होऊ शकतो. मळमळ, कोरडं तोंड, छातीत धडधड, भ्रम. शिवाय परिणाम लगेच दिसत नाही, तीन ते सहा तासांनी दिसतो. तोवर माणसाला वाटतं, काहीच झालं नाही, आणखी थोडं घेऊ. फसगत होते ती इथे.

मग प्रश्न असा, की आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या, अगदी तान्ह्या बाळाच्या गुटीतसुद्धा जायफळ असताना असं सर्रास का झालं नाही? उत्तर सहाणेत आहे. बाळगुटीत ग्रॅम नसतात, वेढे असतात. जायफळाचा एखादा वेढा, बस. दगडावर एकदा फिरवून निघतं किती? नखाएवढा लेप. पुरणातही तसंच, किसणीवर दोन-चारदा घासायचं नि बाजूला ठेवायचं. माप कुठे लिहिलेलं नव्हतं, ते त्या दगडात आणि हाताच्या सवयीत होतं.

आता जायफळाची तयार पूड बाटलीत मिळते. सहाण गेली, चमचा आला. चहाच्या चमच्यात सुमारे २ ग्रॅम पूड मावते. ‘झोप लागत नाही? दुधात जायफळ घ्या’ हा सल्ला जुनाच आहे, पण तो सहाणेच्या काळातला. तो चमच्याने पाळायला गेलं, की दोन-तीन चमच्यांत आपण त्या ५ ग्रॅमपाशी पोचतो. लहान मुलाला तर त्याहून कमीही जड जाईल.

सहाणेची आरती ओवाळायची नाही मला. तिने मात्रा कमी ठेवली एवढंच, गुटीचा गुण सिद्ध केला नाही. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध, हे आजचं वैद्यकशास्त्र सांगतं आणि तेच पाळावं. पुरणात मात्र जायफळ जरूर घाला. फक्त बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. आणि कुणी बरीच पूड खाल्ली असेल, तर त्रास दिसायची वाट न बघता दवाखाना गाठा.

थांबतो इथे. आता तुमचे प्रश्न घेऊ.