मोठ्या आकड्याचा मान

2020 च्या उन्हाळ्यात सुरक्षा संशोधक ॲलेक्स बिरसान आणि त्याचा सहकारी पेपालच्या यंत्रणेतल्या फटी शोधत होते. गिटहबवर त्यांना पेपालच्या अंतर्गत वापरातली एक फाइल उघड्यावर पडलेली सापडली. प्रोग्रामला लागणाऱ्या पॅकेजांची ती यादी. काही नावं एनपीएम या सार्वजनिक कोठारातली, तर काही पेपालने स्वतःपुरती ठेवलेली. ती खासगी नावं एनपीएमवर रिकामीच होती. तिथे त्याच नावाचं पॅकेज दुसऱ्याच कुणी चढवलं तर?

या प्रश्नातून ‘डिपेंडन्सी कन्फ्युजन’ हे हल्ल्याचं तंत्र जन्माला आलं.

त्याचं कूळ मात्र जुनं. 2016 मध्ये हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने प्रसिद्ध पॅकेजांच्या चुकीच्या स्पेलिंगची दोनशेवर पॅकेजं प्रबंधासाठी चढवली. ती 17,000 हून अधिक संगणकांवर चालली. पुढच्याच वर्षी एनपीएमवर ‘क्रॉस-एन्व्ह’चा तोतया ‘क्रॉसएन्व्ह’ पकडला गेला. तो गुपितं चोरत होता. पण या पिढीला शिकार मिळायची ती कुणाचं तरी बोट चुकल्यावर.

बिरसानच्या युक्तीत कुणीच चुकायची गरज नव्हती. पायथॉनची पॅकेजं बसवणाऱ्या ‘पिप’ला जादा कोठाराचा पत्ता दिला, की तो दोन्हीकडे बघतो आणि वरची व्हर्जन उचलतो. घरची 1.2 असेल आणि बाहेरची 9000, तर बाहेरची येते. ही वागणूक धोक्याची असल्याची नोंद सीव्हीई या सुरक्षा-त्रुटींच्या यादीत आधीच झाली होती. तिच्यावर उत्तर मिळालं होतं की हे असंच अपेक्षित आहे! बिरसानची पॅकेजं संगणकाचं नाव वगैरे मोजकी माहिती डीएनएसच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेच्या, विचारणांत दडवून पाठवत, कारण ती वाट सहसा मोकळी असते. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, शॉपिफाय धरून 35 हून अधिक संस्थांत ती शिरली. फेब्रुवारी 2021 मध्ये त्याने हे जाहीर केलं. बक्षिसं मिळाली 1,30,000 डॉलरच्या वर.

चोरांनीही धडा घेतला. 25 ते 30 डिसेंबर 2022 या ऐन सुट्टीच्या दिवसांत पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या लायब्ररीची लिनक्सवरची नाइटली (रोजची चाचणी) आवृत्ती पिपने बसवणाऱ्यांकडे तिच्याच ‘टॉर्चट्रायटन’ या पॅकेजाचा त्याच नावाचा तोतया आला. दूरच्या संगणकांत शिरायच्या एसएसएच किल्ल्याही त्याने उचलल्या, आणि माल नेला तोही डीएनएसच्याच वाटेने. पायटॉर्चने मग आपल्या पॅकेजाचं नाव ‘पायटॉर्च-ट्रायटन’ केलं आणि त्या नावाचं एक पोकळ पॅकेज सार्वजनिक कोठारात आधीच ठेवून जागा अडवली.