एका चिनी अक्षराची जातकुळी

आपल्या देवनागरींत अक्षराला ध्वनि असतो, जातकुळी नसते. ‘कोळंबी’ असें लिहिलें म्हणजे तोंडानें काय उच्चारावयाचें तें कळतें. ती जलचर आहे कीं वनस्पति, याचा सुगावा लेखनांत कोठेंच नसतो. चिनी लिपीची रीत निराळी. तींतील बहुसंख्य चिन्हें जोडचिन्हें असून त्यांचें एक अंग वस्तूची जात सांगतें, तर दुसरें उच्चार सुचवितें. म्हणून कोळंबीच्या चिनी अक्षराचा इतिहास पाहतां पाहतां त्या लोकांनीं सृष्टीची वांटणी कशी केली, हेंहि थोडेंबहुत दिसून येतें.

या अक्षराचा उच्चार उत्तरेकडे ‘श्या’, तर कँटनकडे ‘हा’ असा होतो. त्याचें डावें अंग किड्याचें आहे. कोळंबीला किडा म्हटलेलें पाहून कोंकणांतील वाचक रागावतील; पण हा वर्ग मोठा ऐसपैस आहे. साप, बेडूक, खेकडा, फार काय, आकाशांतील इंद्रधनुष्यहि याच अंगानें लिहितात. शिवाय, कीटकांचा उगम कवचधारी प्राण्यांच्याच एका शाखेंतून झाला असें आजचें प्राणिशास्त्र मानतें. तेव्हां चिनी लेखकांनीं कोळंबीची फारशी बेअब्रू केली, असें म्हणतां येणार नाहीं.

आरंभीं मात्र हें घर तिचें नव्हतें. इ. स. 100 च्या सुमारास शू शन या पंडितानें ‘शुओवन जिएझी’ हा प्रसिद्ध कोश रचला. त्यांत हें अक्षर भेकवाचक म्हणून दिलें आहे. तेंच उच्चाराचें अंग घेऊन डावीकडे मासा जोडलेलें दुसरें एक अक्षर होतें. कोळंबीसाठीं तें पुष्कळ काळ चाललें. पुढें तें मागें पडलें, आणि बेडकाच्या घरांत कोळंबी नांदूं लागली. माशांच्या पंक्तींतून उठून ती किड्यांच्या पंक्तीला बसली ती कायमची.

उजव्या अंगाची गोष्ट याहून रसाळ आहे. सुटें असतां त्याचा अर्थ ‘उसनें घेणें’ असा होतो, आणि येथें तें केवळ उच्चारासाठीं आलें आहे असें कोणीहि म्हणेल. परंतु शू शनच्या कोशाचा थोर भाष्यकार दुआन यूत्साय (1735–1815) याला त्यांत कांहीं अधिक दिसलें. हें अंग ज्या शब्दांत येतें त्यांतील पुष्कळांत तांबडेपणाचा भाव असतो, असें तो म्हणतो. रत्नावरील तांबूस डाग, तांबड्या-पांढऱ्या मिश्र केसांचा घोडा, आणि कोळंबी! संध्याकाळच्या रक्तवर्ण मेघाचें अक्षरहि याच कुळांतलें आहे, हें आम्ही आपल्या पदरचें जोडतों. कच्ची कोळंबी करडी असते. आंच लागतांच ती तांबडी होते. सर्व नामें धातुज आहेत असें म्हणणारा शाकटायन आणि त्याला अडविणारा गार्ग्य यांचा वाद आपल्याकडे निरुक्तांत आहेच. आमचा स्वभाव गार्ग्याचा. तरी या ठिकाणीं शाकटायनाच्या बाजूनें मत द्यावें असा मोह होतो.

1956 पासून चीनमध्यें सरकारी लिपिसुधारणा सुरू झाली, तींत पंधरा रेघांचें हें अक्षर नऊ रेघांचें झालें. उच्चारासाठीं ‘श्या’ असाच ध्वनि असलेलें, ‘खालीं’ या अर्थाचें तीन रेघांचें चिन्ह बसविलें. मुलांची सोय झाली, यांत संशय नाहीं; पण मेघ, घोडा आणि कोळंबी यांना बांधणारा तांबडा धागा तुटला. तैवान व हाँगकाँग येथें जुनें रूप टिकून आहे. किडा मात्र सुधारकांनींहि हलविला नाहीं.

मराठींत ही वर्गवारी लेखणीनें केली नाहीं, ती कोळणींच्या आणि गृहिणींच्या जिभेनें केली. अगदीं बारीक तो जवळा, त्याहून मोठी करंदी, मग कोळंबी. जवळा वाळला कीं सुकट, आणि कोळंबी सोलून वाळविली कीं सोडे. ज्या माण गांवीं बसून आम्ही हें लिहीत आहों तें सह्याद्रीच्या अलीकडचें. समुद्र ताम्हिणी घाटापलीकडे, खालीं कोंकणांत. म्हणून मुळशीच्या बाजूला या प्राण्याची जुनी ओळख आहे ती वाळलेल्या रूपानें, भाकरीबरोबर. आतां माणच्या शिवारांत संगणक-उद्योगाची वसाहत पसरली आहे, आणि भोंवतालच्या खाणावळींच्या फलकांवर लहानथोर सर्वांना एकच नांव असतें: ‘प्रॉन्स’. चिनी अक्षरांतला किडा पंधराच्या नऊ रेघा झाल्या तरी जागचा हलला नाहीं, कारण तो लिहिलेला होता. आमची करंदी केवळ बोलण्यांत होती. बाजारांत सुकटीची टोपली घेऊन बसलेल्या बाईला अजून हीं सारीं नांवें येतात. तिच्याकडे मागणारीं गिऱ्हाइकें मात्र ‘बारीक द्या’ किंवा ‘मोठी द्या’ एवढेंच म्हणतात.