‘फोर्ट ली’ : नामसाम्य व कालनिर्णय

सैन्य शस्त्रानें लढतें, पण टिकतें रसदीवर. कौटिल्यानें वीवध, आसार व प्रसार हे शब्द योजून याच अंगाचा विचार केला आहे.

अमेरिकेंत या विद्येचें मुख्य पीठ व्हर्जिनिया प्रांतांत पीटर्सबर्गजवळ आहे. इ. स. १९१७ त तेथें ‘कँप ली’ ही छावणी वसली. नांव दक्षिणेचा सेनापति रॉबर्ट ली याचें; परंतु १८६४-६५ च्या वेढ्यांत त्याचा प्रतिपक्षी ग्रँट याचें रसदीचें ठाणें जवळच सिटी पॉइंट येथें होतें! पहिल्या महायुद्धानंतर मोडलेली छावणी १९४० त पुन्हां उभारली गेली. १९४१ त सैन्याच्या कोठीखात्याची शाळा फिलाडेल्फियाहून तेथें आली आणि १९५० त ‘कँप’चा ‘फोर्ट’ झाला.

२०२३ त स्थळास ‘फोर्ट ग्रेग-अॅडम्स’ म्हणूं लागले. आर्थर ग्रेग हे रसदखात्यांतून लेफ्टनंट जनरलपदास चढले. चॅरिटी अॅडम्स यांनीं १९४५ त युरोपांत टपाल-पलटणीचें आधिपत्य केलें. दोघेंहि कृष्णवर्णीय. २०२५ त पुन्हां ‘फोर्ट ली’ आलें. पण हा ली निराळा. १८९८ च्या क्यूबांतील मोहिमेंत शौर्यपदक मिळविणारा कृष्णवर्णीय शिपाई फिट्झ ली तो हा.

तेव्हां कागदावर ‘कँप ली’ असल्यास तो सामान्यतः १९५० पूर्वींचा, व ‘ग्रेग-अॅडम्स’ असल्यास त्या दोन वर्षांतला. मात्र मिति नसलेल्या कागदावर नुसतें ‘फोर्ट ली’ असल्यास निर्णय मजकुरावरूनच करावा. नामसाम्य म्हणजे व्यक्तीचें ऐक्य नव्हे, हें आपल्या दप्तरांतील दोन बाजीरावांनीं आपणांस पूर्वींच शिकविलें आहे.