गणकयंत्राचा महाराष्ट्रातील उदयास्त

आपल्या वाडीहून इचलकरंजी काही लांब नाही. तेथला मागवाला सूत बाहेरून घेतो आणि कापड आपले म्हणून विकतो. गणकयंत्रांच्या धंद्याची हकीकत सांगताना मला तोच आठवतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नरसिंहन यांच्या हाताखालील तरुणांनी १९६० साली ‘टिफ्रॅक’ चालू केले. असले यंत्र त्यांतील बहुतेकांनी पूर्वी कधी वापरलेही नव्हते! सुमारे २,७०० निर्वात नळ्या आणि २,०४८ शब्दांची स्मृती, एवढा त्याचा संसार. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले; परंतु तोवर जगाने नळ्या सोडून ट्रान्झिस्टर धरला होता. १९६४ साली त्याच संस्थेत अमेरिकन सीडीसी ३६०० आले. बारसे उशिरा झाले आणि वार्धक्य मात्र लवकर आले.

१९७८ साली आयबीएम देशातून गेली, तेव्हा देशी कारखानदारांना मोकळे रान मिळाले. पुढे अमेरिकेने हवे तेवढे शक्तिशाली क्रे यंत्र नाकारले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या मंडळींनी १९९१ साली ‘परम ८०००’ उभे केले. अभिमान वाटावा असेच ते काम. पण त्याच्या पोटातले ट्रान्सप्यूटर इंग्लंडचे; सूत परक्याचेच! पुढच्या ‘परम’ना दुसऱ्या परक्या चिपांकडे वळावे लागले.

१९९७ च्या जागतिक करारात भारत सामील झाला आणि २००५ पर्यंत आयात यंत्रांवरील जकात उठली. देशी यंत्रे बांधणारे मागे पडले, आणि पुण्यामुंबईची हुशार मुले परक्यांच्या यंत्रांसाठी आज्ञावली लिहू लागली.