पहाटे ४:५७

गावातल्या सेवा सोसायटीच्या जुन्या सचिवांना हे सांगावं लागत नाही: व्यवहार आधी किर्दीत, मग खतावणीत. खतावणी पावसात भिजली तरी मागची नक्कल आणि तेव्हापासूनची कीर्द हाताशी असली की हिशेब पुन्हा उभा राहतो. डेटाबेसची कीर्द म्हणजे ट्रॅन्झॅक्शन लॉग. डिस्क भरू नये म्हणून त्याची जुनी पानं काढून टाकली जातात. त्याआधी त्यांची प्रत कुणी काढली का, इथेच सगळी मेख आहे. जगभरचे प्रोग्रामर जिथे कोड ठेवतात त्या गिटलॅबला ती कशी भोवली, ते आपल्या घड्याळाप्रमाणे पाहू.

३१ जानेवारी २०१७, रात्री १०:५०. एक अभियंता चाचणीच्या सर्व्हरसाठी मुख्य डेटाबेसचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, हाताने घेतो. बॅकअप म्हणून नव्हे, स्वतःच्या कामासाठी.

मध्यरात्रीनंतर १२:३०. डेटाबेसवरचा ताण वाढतो. संशय स्पॅमवाल्यांवर.

३:३०. मुख्य सर्व्हरची नक्कल ठेवणारा राखीव सर्व्हर मागे पडल्याचा इशारा. त्याला हवी असलेली लॉगची पानं मुख्य सर्व्हरने केव्हाच काढून टाकलेली, आणि त्यांची प्रत वेगळी ठेवायची सोय चालूच केलेली नव्हती. आता राखीव सर्व्हर कोरा करून सगळं पहिल्यापासून उतरवायचं.

४:३० च्या सुमारास. उतरवण्याची आज्ञा दिली, पण पडदा ढिम्म. चूक नाही, प्रगतीही नाही. खरं तर ती मुख्य सर्व्हरची वाट पाहत होती. ते कुठे ठळक लिहिलेलं नव्हतं. काम आवरून झोपायच्या बेतात असलेल्या अभियंत्याला वाटतं, राखीव सर्व्हरवरचं जुनं फोल्डर आडवं येतंय. तो ते पुसायला घेतो. एक-दोन सेकंदांत लक्षात येतं: ही खिडकी मुख्य सर्व्हरची आहे.

४:५७. पुसणं थांबवलं. सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबी शिल्लक.

मग बॅकअपची शोधाशोध. रोजच्या बॅकअपची जागा रिकामी: डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा, बॅकअप घेणारं साधन ९.२ चं, त्यामुळे ते रोज अपयशी ठरत होतं. तसं कळवणारे ईमेलही समोरचा मेल सर्व्हर नाकारत होता. क्लाउडवरचे डिस्क स्नॅपशॉट डेटाबेसच्या सर्व्हरसाठी सुरूच नव्हते. उरला तो १०:५० चा, योगायोगाने घेतलेला.

१ फेब्रुवारी, दिवसभर. चाचणी सर्व्हरच्या संथ डिस्कवरून डेटा परत आणायला जवळपास १८ तास. गिटलॅबने ही धडपड यूट्यूबवर थेट दाखवली.

रात्री ११:३० च्या आसपास. साइट सुरू. लोकांचा कोड सुरक्षित राहिला. जवळपास ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, तितक्याच टिप्पण्या आणि सुमारे ७०० नवी खाती गेली.

एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस वापरणाऱ्यांकडे दुखणं उलट्या बाजूने येतं: तिथे लॉगची पानं जातच नाहीत. फुल रिकव्हरी या सेटिंगमध्ये नुसत्या फुल बॅकअपने लॉग रिकामा होत नाही, लॉग बॅकअपच घ्यावा लागतो. तो नसला की लॉग फुगतो, डिस्क भरते आणि कुणीतरी घाईत सिंपल रिकव्हरी, म्हणजे लॉग आपोआप रिकामा करणारं सेटिंग, लावतं. लॉग लगेच रिकामा होतो, पण बॅकअपची साखळी तिथेच तुटते. अशा भरलेल्या डिस्कपाशी बसलेल्या कुणीही आधी लॉग का अडकलाय ते पाहावं, आणि कालचा बॅकअप आज दुसऱ्या यंत्रावर उघडून बघावा.