मांजराची पेटी आणि माणसाची निवड

मनुष्य अनुभवानें शहाणा होतो, हें वाक्य आपण इतक्या वेळां ऐकलेलें असतें कीं, अनुभव नेमकें काय करतो, हा प्रश्न विचारण्याची गरजच कोणास भासत नाहीं. एखाद्या वाटेनें गेल्यावर लाभ झाला, तर पुन्हा त्याच वाटेनें जावेंसें वाटतें. यांत कोडें तें काय? पण हें साधें दिसणारें कोडें उलगडण्यासाठीं गेल्या सव्वाशें वर्षांत शास्त्रज्ञांना मांजरें, कबुतरें, उंदीर, माकडें आणि शेवटीं आजारी माणसें यांच्याकडे जावें लागलें. त्या शोधाची हकीकत आज मी श्रोत्यांपुढें मांडणार आहें.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्राण्यांच्या बुद्धीविषयीं जीं पुस्तकें निघत, त्यांत मुख्य भरणा गोष्टींचा असे. १८८२ सालीं जॉर्ज रोमेन्स यांनीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत कुत्र्यामांजरांच्या चातुर्याच्या कितीतरी कथा आहेत. एडवर्ड थॉर्नडाइक नांवाच्या एका अमेरिकन तरुणास या कथांचा वीट आला. तो म्हणे, शेंकडों कुत्रे वाट चुकून हरवतात, त्यांची कोणी वार्ता करीत नाहीं. पण एखादा दूरवरून घर शोधीत परत आला कीं, लगेच त्याची गोष्ट होते! या तरुणानें आरंभीं कोंबडीचीं पिलें पाळून प्रयोग केले. घरमालकीण तीं खोलींत ठेवूं देईना, विद्यापीठांतही जागा मिळेना. तेव्हां त्याचे गुरु विल्यम जेम्स यांनीं आपल्या घराचें तळघर त्याला दिलें. केवढा हा तत्त्वज्ञ, आणि त्याच्या घराखालीं पिलांचा चिवचिवाट!

पुढें न्यूयॉर्क येथें कोलंबिया विद्यापीठांत थॉर्नडाइकनें मांजरें घेतलीं. लांकडी पट्ट्यांच्या साध्या पेट्या त्यानें तयार केल्या; लांबी सुमारें २० इंच, रुंदी १५ इंच, उंची १२ इंच. आंत एखादा दोरीचा फांसा किंवा लांकडी खिटी. ती ओढली वा फिरविली कीं दार उघडावें. भुकेलें मांजर आंत कोंडावयाचें आणि मासळीचा तुकडा बाहेर ठेवावयाचा. मांजर ओरबाडी, चावे, फटींतून पंजा काढी. आणि या धडपडींत केव्हां तरी पंजा फांशांत अडके व दार उघडे. तेंच मांजर पुन्हा आंत, पुन्हा बाहेर. आणि प्रत्येक खेपेस किती वेळ लागला त्याची नोंद. १८९८ सालीं हा प्रबंध प्रसिद्ध झाला.

त्या नोंदींत काय दिसलें? मांजराला युक्ति कळली असती, तर एका खेपेस बराच वेळ आणि पुढच्या खेपेपासून कायमचा थोडा वेळ, असा प्रकार झाला असता. प्रत्यक्षांत वेळ हळूहळू, मागेंपुढें होत, कमी झाला. निरुपयोगी हालचाली गळत गेल्या, उपयोगी तेवढी टिकली. यावरून त्यानें १९११ च्या ग्रंथांत ‘परिणामाचा नियम’ सांगितला: ज्या कृतीमागून समाधान येतें ती त्या परिस्थितीशीं अधिक घट्ट जोडली जाते, जिच्यामागून त्रास येतो ती सैल पडते. पेटींतील यंत्रणा दृष्टीआड असतांना मांजरानें विचार तरी कशाचा करावा, असा आक्षेप पुढें जर्मन शास्त्रज्ञ कोहलर यांनीं घेतला, आणि तो मला रास्त वाटतो. तरी जेथें आजवर कथा चालत होती तेथें घड्याळ आणून ठेवलें, हें थॉर्नडाइकचें श्रेय कोणीं नाकारूं नये.

नंतर तो माणसांकडे वळला. डोळे मिटून चार इंचांची रेघ पुन्हा पुन्हा ओढावयास सांगितलें आणि ती बरोबर कीं चूक हें कधींच सांगितलें नाहीं, तर कितीही रेघा ओढल्या तरी हातांत सुधारणा होत नाहीं, असें त्याला आढळलें. अनोळखी शब्दांचे पांच अर्थ देऊन त्यांतून एक निवडावयास सांगितलें, तर ‘बरोबर’ या एका शब्दानें ती निवड बळावे. पण ‘चूक’ या शब्दानें ती म्हणण्यासारखी दुबळी होत नसे. तेव्हां १९२९ सालीं जगांतील मानसशास्त्रज्ञांच्या सभेंत उभें राहून, शिक्षेविषयींचा आपला पूर्वीचा नियम चुकीचा होता, असें त्यानें स्वतः सांगितलें. या निष्कर्षावरही पुढें हरकती निघाल्या. परंतु हातांत छडी घेऊन शिकविणाऱ्या पिढ्यांना हा प्रश्न कोणी तरी विचारणें आवश्यकच होतें.

बक्षीस नेहमीं खरेंच शिकवितें असेंही नाहीं. १९४८ सालीं बी. एफ. स्किनर यांनीं भुकेल्या कबुतरांना, तीं कांहींही करोत, ठराविक सेकंदांनीं दाणा मिळेल अशी व्यवस्था केली. आठांपैकीं सहा कबुतरांना विचित्र खोडी जडल्या. एक गोल गोल फिरूं लागलें, दुसरें पिंजऱ्याच्या कोपऱ्यांत डोकें खुपसूं लागलें. दाणा येई त्या क्षणीं जें चाललें होतें, त्यासच यश मिळालें, असा स्किनर यांनीं अर्थ लावला. या अर्थाविषयीं पुढें मतभेद झाला. पण तीं कबुतरें पाहून ज्याला परीक्षेच्या दिवशींचा ठराविक सदरा आठवणार नाहीं, असा मनुष्य विरळा.

यापुढची पायरी मात्र अनपेक्षित होती. १९६८ च्या सुमारास लिऑन कामिन यांनीं उंदरांना आवाजापाठोपाठ विजेचा धक्का दिला. उंदीर आवाजाला भिऊं लागले. मग आवाज आणि प्रकाश एकत्र, व पाठोपाठ तोच धक्का. प्रकाश आणि धक्का यांचा जोड इतक्या वेळां पडूनही उंदीर एकट्या प्रकाशाला फारसे भ्यालेच नाहींत. कारण? धक्का येणार हें आवाजानेंच कळलेलें होतें. प्रकाशानें नवें कांहींच सांगितलें नाहीं. म्हणजे नुसती जोडी पुरत नाहीं. आश्चर्य वाटल्याविना शिक्षण नाहीं! १९७२ सालीं रेस्कॉर्ला आणि वॅग्नर यांनीं हें गणितांत बसविलें: अपेक्षा आणि प्राप्ति यांत जेवढें अंतर, त्या मानानें नवें शिक्षण.

हें अंतर मेंदूंत मोजतें कोण? वोल्फ्राम शुल्ट्झ यांनीं स्वित्झर्लंडमध्यें माकडांच्या मेंदूंतील, डोपामीन हें द्रव्य सोडणाऱ्या पेशींचे ठोके नोंदविले. फळांचा रस अवचित मिळाला कीं पेशी जोरानें स्फुरत. पुढें रसाची आगाऊ सूचना देणारी खूण माकडाला ठाऊक झाली कीं, त्या खुणेला स्फुरत आणि प्रत्यक्ष रसाला स्वस्थ बसत. खूण होऊनही रस आला नाहीं, तर नेमक्या त्याच क्षणीं त्यांचें स्फुरण मंदावे. १९९७ सालीं शुल्ट्झ, डायन आणि मॉन्टेग्यू यांनीं दाखविलें कीं, हें वर्तन अपेक्षा व प्राप्ति यांतील फरकाच्या गणिताशीं जुळतें. आणि तें गणित सटन व बार्टो यांनीं यंत्रांना शिकविण्यासाठीं आधींच रचून ठेवलेलें होतें.

आतां आजारी माणसांविषयीं. कंपवातांत याच डोपामीनच्या पेशी नष्ट होतात. मायकेल फ्रँक आणि त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं अशा रुग्णांना चिन्हांच्या जोड्यांतून एक निवडण्याचा खेळ दिला. औषध घेतलेलें नसतां हे रुग्ण हानीवरून अधिक चांगलें शिकत. औषध घेतलेले रुग्ण लाभावरून अधिक शिकत आणि हानीचा बोध त्यांना कमी होई. रोग तोच, प्रश्नही तेच. बदललें होतें तें औषध.

पुढील वर्षाच्या सुमारास डॉक्टरांच्या लेखांतून याहून गंभीर वृत्तें येऊं लागलीं. डोपामीनसारखें काम करणारीं कांहीं औषधें सुरू केल्यावर, ज्यांनीं पूर्वीं कधीं पैसे लावून पत्ता टाकलेला नव्हता, असे रुग्ण जुगारांत बुडूं लागले. औषध बंद केल्यावर किंवा त्याचें प्रमाण कमी केल्यावर त्यांतील अनेकांची ती ओढ ओसरली. ज्यांचीं शिल्लक पडलेलीं रकम तोंवर गेली होती, त्यांच्या कुटुंबांनीं विचारलें कीं, हा दोष कोणाचा मानावयाचा. आणि हा प्रश्न दवाखान्यांतून थेट न्यायालयांपर्यंत जाऊन पोंचला.