गोल चौकाची नोंद : बेलापूरच्या रस्त्यावरील सहा ओळींचे भाष्य

ओपनस्ट्रीटमॅप हा स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये इंग्लंडात सुरू केलेला, कोणालाही भर घालता येणारा नकाशा. त्यात रस्ता म्हणजे एक रेघ आणि तिला जोडलेल्या 'खूण = मूल्य' अशा ओळी. नगर जिल्ह्यात श्रीरामपूरहून बेलापूरकडे निघताना एक गोल चौक लागतो असे धरून पुढची नोंद घेतली आहे. चौक नमुन्याचा, गावे खरी. मुळात या खुणा रोमन लिपीत असतात. इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत.

जंक्शन = राउंडअबाउट

चौकात मधोमध काही गोल दिसले की ही खूण लावून मोकळे होणारे पुष्कळ. खुणेचा खरा अर्थ वाहतुकीच्या नियमाशी बांधलेला आहे : आत फिरणाऱ्या वाहनाचा हक्क आधी, बाहेरून येणाऱ्याने थांबायचे. जिथे असा हक्क नाही, सिग्नल आहे किंवा पोलीस हात दाखवतो, तिथे 'जंक्शन = सर्क्युलर'. आणखी एक 'मिनी राउंडअबाउट' आहे, पण त्याच्या मधल्या भागावरून मोठ्या वाहनाला चाक नेता आले पाहिजे. आपल्याकडे मध्यभागी पुतळा आणि भोवती कठडा. उसाची डबल ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर कितीही घाईत असला तरी पुतळ्यावरून जात नाही. म्हणून चौक केवढाही लहान असो, तो 'मिनी' होत नाही.

(रेघेची दिशा) घड्याळाच्या काट्यांप्रमाणे

ही ओळ लिहिलेली नसते, रेघ कशी ओढली यातच ती असते. भारतात वाहने डावीकडून चालतात, म्हणून गोल घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. राउंडअबाउटची खूण लागली की एकेरी वाहतूक गृहीत धरली जाते. त्यामुळे कोणी परदेशी स्वयंसेवकाने उपग्रहचित्र पाहून, आपल्या देशातल्या सवयीने, उलटी रेघ ओढली तर डावीकडचा पहिला रस्ता या नकाशावरून वाट सांगणाऱ्या अॅपच्या हिशेबी शेवटचा ठरतो. 'तिसऱ्या रस्त्याने बाहेर पडा' हे सांगताना अॅप गोलाला जोडलेले, बाहेर जाता येणारे रस्ते मोजते. दुभाजक असलेला रस्ता एकाच रेघेत काढला की ही मोजणी नकाशात एक आणि चौकात दुसरी होऊ शकते.

नेम = (रिकामे)

चौकाला नाव असेल तर द्यावे. रस्त्याचे नाव गोलाला चिकटवू नये. एवढेच.

डेस्टिनेशन = बेलापूर;कोल्हार

भाष्याचा खरा विषय ही ओळ. ती गोलावर लावत नाहीत. चौकातून बाहेर पडणाऱ्या रस्त्याच्या रेघेवर लावतात. रस्ता दुहेरी असेल तर रेघेच्या दिशेप्रमाणे 'फॉरवर्ड' किंवा 'बॅकवर्ड' जोडावे लागते. गावांचा क्रम फलकावरचाच, मध्ये अर्धविराम.

आता 'बेलापूर' म्हणजे कोणते? दौंड–मनमाड लोहमार्गावरचे 'बेलापूर' स्थानक श्रीरामपूर शहरात आहे. प्रवरेकाठचे बेलापूर तिथून काही किलोमीटर दूर, आणि तिथेही बुद्रुक व खुर्द अशी दोन गावे. नवी मुंबईतले बेलापूर वेगळेच. जाणता माणूस इथे मदत करायला जातो आणि 'बेलापूर बुद्रुक' लिहून ठेवतो. माझ्या मते ही चूक आहे. ही ओळ रस्ता कुठे जातो हे सांगत नाही, फलक काय म्हणतो ते सांगते. अॅपने 'बेलापूरच्या दिशेने' म्हटल्यावर चालकाला समोर तीच अक्षरे दिसली पाहिजेत, नाहीतर तो गोलाला आणखी एक फेरी मारतो. बुद्रुक-खुर्दचा निवाडा गावाच्या बिंदूवर करावा, तिथे त्याला जागा आहे.

नगरचेही असेच. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झाले. शहराच्या बिंदूवर नवे नाव, जुने 'ओल्ड नेम'मध्ये. पण एखाद्या फलकावर अजून 'अहमदनगर' असेल तर तो रंगवला जाईपर्यंत डेस्टिनेशनमध्येही 'अहमदनगर'च. घरी बसून शोधा-बदला करणाऱ्यांना हे पटत नाही. नकाशाला शासननिर्णय पाळायचा असतो तो नावात, फलकाच्या प्रतीत नव्हे.

टाइप = डेस्टिनेशन साइन

वरची ओळ एका रेघेपुरती. ही खूण मात्र 'संबंधा'वर, म्हणजे चार गोष्टी एकत्र जोडणाऱ्या नोंदीवर लागते : कुठून आलात, कुठे जाल, चौक कोणता, फलकाचा खांब कुठे. किलोमीटरचा आकडा लिहायला जागा इथेच. एका फलकावर तीन बाण असतील तर तीन संबंध. काम किचकट आहे, आणि साध्या चौकात वरच्या ओळीने भागत असेल तर मी याच्या वाटेला जाणार नाही.

सोर्स = सर्व्हे

माहिती कुठून घेतली ते ही ओळ सांगते. जुलै २०२२ मध्ये गूगलने भारतात स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे रस्त्यांची चित्रे, दहा शहरांत आणले, त्यांत अहमदनगर होते. चित्रे चांगली आहेत, पण त्यांवरून फलक वाचून या नकाशात उतरवणे परवान्याला धरून नाही. मॅपिलरी या लोकांनी भरलेल्या रस्ताचित्रांच्या संग्रहातली चित्रे चालतात. सगळ्यांत चांगले म्हणजे स्वतः जाऊन फोटो काढणे. तिथे अडचण एकच : फलकावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. झाकलेली गावे आठवणीने भरायची नाहीत. फ्लेक्स उतरेपर्यंत चौथी ओळ कोरी ठेवावी आणि शेरा लिहावा, म्हणजे त्या रस्त्याने जाणारा पुढचा माणूस ती भरील.